मोरचूद, जस्ताची पट्टी आणि मल्टिमीटर: रासायनिक समतोल व्होल्टमध्ये कसा वाचायचा

अकरावीला रासायनिक समतोल शिकवतात आणि बारावीला विद्युत-रसायनशास्त्र. मध्ये एक उन्हाळा जातो, त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात हे दोन वेगवेगळे विषय होऊन बसतात. एकीकडे के, क्यू आणि ले शातेलिए. दुसरीकडे अॅनोड, कॅथोड आणि नर्न्स्टचं समीकरण. परीक्षेपुरतं दोन्ही पाठ होतं, पण दोन्ही प्रकरणांत एकच गोष्ट सांगितली आहे हे कुणी बोलून दाखवत नाही. विद्युतघटाचं, म्हणजे सेलचं, व्होल्टेज म्हणजे त्यातली अभिक्रिया समतोलापासून किती लांब आहे याचं माप. समतोल गाठला की व्होल्टेज शून्य होतं, आणि आपण म्हणतो, सेल उतरला.

हे वाक्य पटवून घ्यायला मोरचुदाची एक पुडी पुरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका निळ्या क्षारावर, म्हणजे कॉपर सल्फेटवर, बेतल्या आहेत. अमोनियाची पायरी सोडली तर बाकी सगळं घरच्या टेबलावर जमतं.

आधी सामान

मोरचूद खतांच्या दुकानात मिळतं. झिंक सल्फेटही तिथेच मिळतं, पण पिशवी वाचून घ्या. २१ टक्के लिहिलेलं म्हणजे सात रेणू पाणी असलेलं, आणि ३३ टक्के लिहिलेलं म्हणजे एकच रेणू पाणी असलेलं. वजन त्यानुसार बदलतं. २५० मिली द्रावण ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) करायचं असेल तर मोरचूद ६.२ ग्रॅम लागेल. झिंक सल्फेट पहिल्या प्रकारचं असेल तर ७.२ ग्रॅम आणि दुसऱ्या प्रकारचं असेल तर ४.५ ग्रॅम. खताच्या प्रतीचा माल शुद्ध नसतो, म्हणून तिसऱ्या दशांश स्थळावर हट्ट धरू नका. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायला मिळतं ते चालेल. बोअरच्या पाण्यात मोरचूद टाकलं तर ते गढूळ होतं.

तांब्यासाठी वायरिंगची जाड तार सोलून घ्या. मोटारीच्या वाइंडिंगची तार वापरणार असाल तर तिच्यावर वॉर्निशचा थर असतो, तो पूर्ण खरवडावा लागतो. जस्ताची पट्टी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून आणा. जीआय पट्टीवर जस्ताचा नुसता मुलामा असतो. थोडा वेळ काम भागतं, मग खालचं लोखंड उघडं पडतं आणि आकडे बिघडतात. बाकी काचेचे दोन ग्लास, गाळण कागद, मीठ, पॉलिश पेपर, क्रोकोडाइल क्लिपा आणि साधा डिजिटल मल्टिमीटर.

मोरचूद विषारी आहे. यात वापरलेले ग्लास आणि चमचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. हातमोजे घाला आणि लहान मुलं आसपास असतील तर पुडी उघडी ठेवू नका.

पायरी १: समतोल रंगावरून ओळखणे

२० मिली पाण्यात सुमारे २ ग्रॅम मोरचूद विरघळवा. गडद निळं द्रावण होईल. आता त्यात साधं मीठ थोडं थोडं टाकत ढवळा. निळा रंग हळूहळू हिरव्याकडे झुकतो. पाण्यात तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू असतात, त्यामुळे तो निळा दिसतो. मिठातले क्लोराइड त्यांतल्या काहींची जागा घेतात, आणि क्लोराइडवाला तांबे आयन पिवळसर असतो. निळा आणि पिवळसर एकत्र आले की डोळ्याला हिरवं दिसतं.

निळा तांबे आयन + क्लोराइड ⇌ पिवळसर तांबे आयन + पाणी

आता त्यात पाणी ओता, पुन्हा निळं होईल. ग्लास गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, हिरवेपणा वाढेल. गार करा, निळसर होईल. अभिक्रिया संपलेली नसते, ती दोन्ही बाजूंनी चालूच असते. जितक्या वेगाने पिवळसर आयन तयार होतात तितक्याच वेगाने ते मोडतात, म्हणून रंग एका जागी स्थिर दिसतो. समतोलात बदल केला की तो त्या बदलाला विरोध करणाऱ्या बाजूला सरकतो. हेन्री ले शातेलिएने १८८४ मध्ये मांडलेला हा नियम तुम्ही इथे तीनदा पाहिला: क्लोराइड वाढवलं, पाणी वाढवलं आणि उष्णता दिली. पहिल्या दोन वेळी समतोल स्थिरांक, म्हणजे 'के' (तो कसा काढायचा ते पुढच्या पायरीत), तोच राहिला, समतोलाची जागा तेवढी सरकली. तिसऱ्या वेळी स्थिरांकच बदलला. तापमानाशिवाय दुसरं काहीही 'के' बदलू शकत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून प्रयोग करताना हा फरक मुद्दाम मोठ्याने म्हणून बघा.

पायरी २: क्यू आणि के यांची सांगड

नॉर्वेच्या काटो गुल्डबर्ग आणि पीटर वागे या दोघा मेहुण्यांनी १८६४ मध्ये जो नियम दिला तो थोडक्यात असा: उत्पादितांच्या तीव्रतांचा गुणाकार भागिले अभिकारकांच्या तीव्रतांचा गुणाकार, ज्याचे जितके रेणू तितका त्याचा घात. हे गुणोत्तर समतोलाला असताना काढलं तर त्याला 'के' म्हणायचं. इतर कुठल्याही क्षणी काढलं तर 'क्यू'. शुद्ध घन आणि शुद्ध द्रव यांना त्यात जागा नाही. जस्ताची पट्टी मोठी घ्या किंवा छोटी, गुणोत्तरात तिची किंमत १.

क्यू हा के पेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाईल, मोठा असेल तर मागे, आणि सारखा असेल तर जिथल्या तिथे. मागे की पुढे याचं उत्तर मिळालं. किती जोराने, याचं अजून मिळालेलं नाही. तो जोर व्होल्टमध्ये मोजता येतो, पण त्यासाठी अभिक्रियेचे दोन भाग वेगळे करावे लागतात.

पायरी ३: घट बांधणे

जस्ताची पट्टी सरळ मोरचुदाच्या द्रावणात बुडवली तर तिच्यावर काळपट तांबूस साका चढतो. जस्त इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात जातं, तांब्याचे आयन तेच इलेक्ट्रॉन घेऊन पट्टीवर बसतात. सगळी देवाणघेवाण पट्टीच्या पृष्ठभागावरच होते, ऊर्जा उष्णतेत जाते आणि हाती काही लागत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६ मध्ये हे दोन भाग वेगळ्या कप्प्यांत ठेवले आणि इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून जायला लावलं. आपण तेच करायचं.

१. तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि लगेच वापरा. जस्तावर हवेत लगेच पातळ थर येऊ लागतो.

२. एका ग्लासात ०.१ मोलर मोरचूद घालून त्यात तांबं ठेवा, दुसऱ्यात ०.१ मोलर झिंक सल्फेट घालून त्यात जस्त ठेवा. क्लिप द्रावणाला टेकू देऊ नका, नाहीतर क्लिपचाच धातू तिसरा खेळाडू होतो.

३. गाळण कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा, दोन-तीन पदरी घडी घाला, मिठाच्या दाट पाण्यात भिजवा आणि एकेक टोक एकेका ग्लासात सोडा. हा झाला मिठाचा पूल. प्रयोगशाळेत पोटॅशियम नायट्रेट वापरतात. इथे मिठाने भागतं, कारण क्लोराइड जस्ताशी किंवा तांब्याशी साका बनवत नाही. चांदीच्या क्षाराचा घट असता तर मीठ चाललं नसतं.

४. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २ किंवा २० च्या रेंजवर ठेवा. लाल टोक तांब्याला, काळं जस्ताला. आकडा १.०५ ते १.१० च्या दरम्यान यायला हवा. उणे चिन्ह दिसलं तर टोकं उलटी लागली आहेत, घट बिघडलेला नाही.

आकडा ०.९ किंवा त्याखाली येत असेल तर बहुतेक वेळा दोष जस्ताच्या पट्टीचा असतो, ती पुन्हा घासा. आकडा थरथरत असेल तर पूल वाळला आहे किंवा त्याचं एक टोक द्रावणाच्या वर आलं आहे.

मल्टिमीटर घटातून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून त्याचा आकडा खरा. त्याच घटाला छोटा मोटर जोडा, व्होल्टेज एकदम कोसळेल, कारण कागदी पुलाचा रोध प्रचंड असतो. हा पुलाचा दोष, रसायनाचा नाही. समतोलाबद्दल काही शिकायचं असेल तर घटातून प्रवाह न घेता मोजायचं, हे पक्कं ठेवा.

जाता जाता: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लिंबाचा घट असतोच, आणि खाली 'लिंबातून वीज' असा फलकही असतो. लिंबात वीज नसते. ऊर्जा येते विरघळणाऱ्या जस्तातून, लिंबाचा रस फक्त हायड्रोजन आयन पुरवतो. तिथे तांब्यावर तांबं बसत नाही, हायड्रोजन सुटतो. त्यामुळे तो डॅनियलचा घट नाही आणि त्याचा आकडाही १.१० शी जुळवत बसायचा नाही.

पायरी ४: १.१० आला कुठून

एकट्या पट्टीचं विभव मोजता येत नाही, दोन पट्ट्यांमधला फरकच मोजता येतो. म्हणून हायड्रोजनच्या प्रमाण विद्युतअग्राला शून्य मानलं आणि बाकी सगळ्यांना त्याच्या तुलनेत आकडे दिले. २५ अंश सेल्सिअसला तांबं +०.३४ व्होल्ट, कथील −०.१४, शिसं −०.१३, लोखंड −०.४४, जस्त −०.७६, अॅल्युमिनियम −१.६६. हे सगळे क्षपणाचे आकडे आहेत, म्हणजे आयनाने इलेक्ट्रॉन घेऊन धातू होण्याची ओढ.

ई° (प्रमाण स्थितीतलं घटाचं व्होल्टेज) = कॅथोडचा आकडा − अॅनोडचा आकडा = ०.३४ − (−०.७६) = १.१० व्होल्ट

अॅनोड म्हणजे जिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन दिले जातात, कॅथोड म्हणजे जिथे क्षपण होतं. अधिक-उणेच्या चिन्हावरून ही नावं ठरवू नका. घटात अॅनोड उणे असतो आणि विद्युत अपघटनात तोच अधिक असतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अभिक्रिया दुपटीने लिहिली तर ई° दुप्पट होत नाही. मुक्त ऊर्जा (अभिक्रियेतून कामाला लावता येणारी ऊर्जा) दुप्पट होते, के चा वर्ग होतो, पण व्होल्ट तेवढेच राहतात, कारण व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे मिळणारी ऊर्जा. मोठा ग्लास घेतला म्हणून व्होल्टेज वाढत नाही. घट जास्त वेळ चालेल, इतकंच.

पायरी ५: तीव्रता बदला, आकडा बदलेल

अमेरिकेच्या जोसाया विलार्ड गिब्जने १८७० च्या दशकात मुक्त ऊर्जेचा हिशेब मांडला, आणि जर्मनीच्या वाल्टर नर्न्स्टने १८८९ मध्ये तो घटाला लावला. पुढे १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. दोन ओळींत:

डेल्टा जी = −एन × एफ × ई
ई = ई° − (०.०५९२ ÷ एन) × लॉग क्यू

इथे डेल्टा जी म्हणजे मुक्त ऊर्जेतला बदल, ई म्हणजे घटाचं व्होल्टेज, एन म्हणजे देवाणघेवाण झालेले इलेक्ट्रॉन, एफ म्हणजे ९६,४८५ कूलोम प्रति मोल. आपल्या घटात एन २ आहे आणि क्यू म्हणजे जस्त आयनांची तीव्रता भागिले तांबे आयनांची तीव्रता. दोन्ही ०.१ असतील तर क्यू १, लॉग शून्य, आणि ई थेट १.१०.

०.०५९२ हा आकडा २५ अंशांचा आहे. नागपुरात मे महिन्यात खोलीचं तापमान ४२ अंश असेल तर तिथे ०.०६२५ घ्यावा लागेल. लॉग दहाच्या पायाचा. कॅल्क्युलेटरवर दुसरं बटण दाबलं की उत्तर दोन पूर्णांक तीन पट चुकतं.

आता मोरचुदाच्या द्रावणाचे १ मिली घेऊन पाण्याने १०० मिली करा, म्हणजे ०.००१ मोलर. ते तांब्याच्या ग्लासात घाला. क्यू १०० झाला. समीकरण म्हणतं, १.१० − ०.०२९६ × २, म्हणजे १.०४. व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टने उतरायला हवं.

मीटरवर एवढी घसरण दिसणार नाही. ती ४० च्या आसपास येईल, आणि मुलं समजतात की प्रयोग फसला. फसलेला नसतो. समीकरणात खरं तर तीव्रता नव्हे, सक्रियता घालायची असते. ०.१ मोलरच्या द्रावणात दोन धन प्रभाराचे तांबे आयन आणि दोन ऋण प्रभाराचे सल्फेट आयन एकमेकांना इतके जखडून असतात की त्यांचा परिणाम तीव्रतेच्या जेमतेम १५ टक्के उरतो. विरळ द्रावणात ते मोकळे असतात, तिथे हा वाटा ७० टक्क्यांच्या वर जातो. म्हणून खरं गुणोत्तर १०० नाही, २० च्या आसपास आहे, आणि ०.०२९६ × लॉग २० म्हणजे ३९ मिलिव्होल्ट. प्रयोगवहीत ५९ लिहून मोकळं होण्यापेक्षा जो आला तो आकडा लिहा आणि खाली हे कारण द्या. बहुतेक परीक्षकांना ते आवडतं, मला तर नक्कीच.

पायरी ६: व्होल्टेजवरून के

घट चालू ठेवला तर जस्त आयन वाढत जातात, तांबे आयन घटत जातात, क्यू मोठा होतो, व्होल्टेज उतरतं. ज्या क्षणी क्यू आणि के सारखे होतात त्या क्षणी ई शून्य. नर्न्स्टच्या समीकरणात ई च्या जागी शून्य आणि क्यू च्या जागी के घाला:

लॉग के = एन × ई° ÷ ०.०५९२

आपल्या घटासाठी २ × १.१० ÷ ०.०५९२ = ३७.१६. म्हणजे के सुमारे १.५ गुणिले १० चा ३७वा घात. असा आकडा लिहिणं सोपं, समजणं कठीण. १ मोलर मोरचुदाच्या द्रावणात भरपूर जस्त टाकून समतोलाची वाट पाहिली, तर उरलेल्या तांब्याची तीव्रता ७ गुणिले १० चा उणे ३८वा घात इतकी निघते. त्या हिशेबाने तांब्याचा एक आयन सापडायला सुमारे २४ लाख कोटी लिटर द्रावण लागेल. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे; तशी आठ धरणं काठोकाठ भरली तर त्या सगळ्यांत मिळून एक आयन. 'अभिक्रिया पूर्ण होते' असं आपण म्हणतो त्याचा अर्थ हा.

उलट उदाहरण कथील आणि शिशाचं. कथलाची पट्टी शिशाच्या क्षारात बुडवली तर ई° = −०.१३ − (−०.१४) = ०.०१ व्होल्ट. लॉग के ०.३४, के सुमारे २.२. इथे कुणीच कुणाला पूर्ण हुसकावत नाही. तीव्रता थोडी इकडेतिकडे केली की अभिक्रियेची दिशा उलटते. अंदाजापुरतं हे लक्षात ठेवा: एका इलेक्ट्रॉनच्या अभिक्रियेत दर ५९ मिलिव्होल्टला के दहापट होतो. ०.३ व्होल्ट म्हणजे साधारण एक लाख, ०.६ व्होल्ट म्हणजे एक हजार कोटी.

पायरी ७: न दिसणारा समतोल मीटरवर

ही पायरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडक्या उघड्या ठेवून आणि शिक्षकांसमोरच करायची. लिकर अमोनियाची, म्हणजे अमोनियाच्या पाण्यातल्या दाट द्रावणाची, वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

२.५ ग्रॅम मोरचूद ८० मिली पाण्यात विरघळवा, त्यात २५ टक्क्यांचा लिकर अमोनिया साडेदहा मिली घाला आणि पाण्याने १०० मिली करा. आधी फिकट निळा साका येईल, मग तो विरघळून शाईसारखं गर्द निळं-जांभळं द्रावण होईल. प्रत्येक तांबे आयनाला अमोनियाचे चार रेणू चिकटतात. एकूण अमोनिया १.४ मोलर आहे, त्यातला ०.४ तांब्याने अडवला, मोकळा राहिला १ मोलर. प्रमाण मुद्दाम असं घेतलं आहे. हिशेबात १ चा चौथा घात १ च राहतो.

हे द्रावण तांब्याच्या ग्लासात घाला. जस्ताचा ग्लास होता तसाच. मीटर १.१० वरून ०.७ च्या आसपास घसरतो. द्रावणात तांबं तेवढंच आहे, एक कणही बाहेर गेलेला नाही. मोकळं तांबं मात्र जवळजवळ संपलं आहे, आणि मीटरला फक्त मोकळं तांबं दिसतं.

समजा आकडा ०.७२ आला. १.१० − ०.७२ = ०.३८. त्याला ०.०२९६ ने भागा, १२.८४. म्हणजे जस्त आयन भागिले मोकळे तांबे आयन हे गुणोत्तर १० चा १२.८४वा घात. जस्त ०.१ मोलर, म्हणून मोकळं तांबं सुमारे १.४ गुणिले १० चा उणे १४वा घात मोलर. आणि संयुग बनण्याचा समतोल स्थिरांक = ०.१ ÷ (१.४ गुणिले १० चा उणे १४वा घात × १), म्हणजे ७ गुणिले १० चा १२वा घात. कोष्टकात हा आकडा १० च्या १३व्या घाताच्या आसपास दिलेला असतो. एका साध्या मीटरने आपण त्याच्या अगदी शेजारी पोहोचलो. इतकी कमी तीव्रता रंगावरून किंवा वजनावरून मोजण्याचा विचारही करता येणार नाही.

आकडा लगेच टिपा. अमोनियाच्या सान्निध्यात तांब्याची पट्टी स्वतः हळूहळू विरघळू लागते आणि मीटर सरकत राहतो.

हाच हिशेब बागेत: बोर्डोची परीक्षा

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीत ज्यांनी बोर्डो मिश्रण केलं आहे त्यांना ही परीक्षा ठाऊक असेल. १ टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा किंवा खिळा थोडा वेळ बुडवायचा. पातं तांबूस झालं तर अजून चुन्याची निवळी घालायची. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या प्रा. मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठी हे मिश्रण प्रसिद्ध केलं.

मोरचुदाचं हे द्रावण ०.०४ मोलर भरतं. तांबं +०.३४, लोखंड −०.४४, फरक ०.७८ व्होल्ट, त्यामुळे पातं लगेच तांबूस होणारच. चुन्याने हायड्रॉक्साइड आयन वाढतात आणि तांबं साक्यात जातं. कॉपर हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार १० च्या उणे २०व्या घाताच्या आसपास आहे. सामू (पीएच) ८ झाला की मोकळं तांबं एका लिटरला १० चा उणे ८वा घात मोल इतकंच उरतं. मिश्रणातला साका प्रत्यक्षात नुसता हायड्रॉक्साइडचा नसतो, त्यात सल्फेटही असतं, पण अंदाज तोच.

आता गंमत बघा. या तीव्रतेला तांब्याचा आकडा ०.३४ वरून ०.१० च्या आसपास येतो. लोखंड तरीही −०.४४ च्या घरात. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर! म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबाने पात्यावर तांबं अजूनही बसायलाच हवं. मग विळा स्वच्छ का निघतो? कारण बसायला तांबंच नाही. डोळ्याला दिसेल एवढा थर चढायला साक्यातून पुन्हा तांबं सुटावं लागेल, आणि विळा थोडाच वेळ बुडवलेला असतो. शिवाय अल्कधर्मी पाण्यात लोखंडाचा पृष्ठभाग सुस्त होतो. व्होल्टेज दिशा सांगतं. माल किती आहे आणि काम किती वेगाने होईल हे ते सांगत नाही. अॅल्युमिनियमचा फरक तर पूर्ण २ व्होल्टचा आहे, तरी अॅल्युमिनियमचं पातेलं मोरचुदाच्या द्रावणात बराच वेळ शांत दिसतं, कारण त्यावर ऑक्साइडचा घट्ट थर असतो. त्यात चमचाभर मीठ टाका, थर फुटतो आणि द्रावण फसफसू लागतं. बोर्डो प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच करा असं सांगतात ते याचसाठी.

इन्व्हर्टरची बॅटरी

बॅटरीवाला हायड्रोमीटर लावून 'ग्रॅव्हिटी' बघतो तेव्हा तोही क्यू च वाचत असतो. शिसे-आम्ल बॅटरी वापरली जाते तसं सल्फ्युरिक आम्ल खर्च होतं आणि पाणी तयार होतं, म्हणून आम्लाची घनता आणि व्होल्टेज दोन्ही सोबत उतरतात. ढोबळ सूत्र असं: काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीच्या एका कप्प्याचं व्होल्टेज = ग्रॅव्हिटी + ०.८४. पूर्ण चार्ज असताना ग्रॅव्हिटी १.२८, म्हणजे कप्प्याला २.१२ आणि सहा कप्प्यांना १२.७ व्होल्ट. १.१२ ला उतरली की ११.८. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलेला आकडा फुगलेला असतो, त्यावर विसंबू नका.

शेवटची पायरी: द्रावणाची विल्हेवाट

उरलेलं मोरचूद मोरीत ओतू नका. तांब्याचे आयन मासे आणि पाण्यातले शेवाळ यांना घातक असतात. घरच्या प्रयोगातली उरलेली सगळी द्रावणं एका प्लॅस्टिकच्या डब्यात एकत्र करा आणि त्यात गंजलेले नसलेले खिळे किंवा भांडी घासायची लोखंडी घासणी टाका. लोखंड आणि तांबे आयन या अभिक्रियेचा लॉग के २६ च्या वर आहे, त्यामुळे तांबं जवळजवळ सगळं बाहेर येतं. एक-दोन दिवस मधूनमधून ढवळत राहा. निळा रंग जाऊन फिकट हिरवट झाला की नवा स्वच्छ खिळा बुडवून बघा. तो तांबूस झाला नाही तर वरचं पाणी गाळून घ्या, तळाची तांब्याची भुकटी वाळवून बाटलीत भरा. गाळलेल्या पाण्यात लोखंडाबरोबर झिंकही असतं. त्यात चुन्याची निवळी घालून साका बसू द्या आणि तो साका वेगळा काढा. अमोनियाचं द्रावण या डब्यात मिसळू नका, त्यातलं तांबं असं निघत नाही. ते प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांच्या बाटलीतच गेलं पाहिजे.